चरखा पुढे, माणूस मागे

अण्णांच्या शाळेच्या ऑफिसात, हजेरीपटांच्या लोखंडी कपाटाच्या वर, एक तसबीर होती. कुठल्याशा मासिकातून कापलेला कागद, काचेखाली पिवळा पडलेला, एका कोपऱ्यातून ओल शिरलेली. पुढे मोठा चरखा आणि त्याच्या मागे जमिनीवर बसलेले उघडे गांधीजी. २ ऑक्टोबरला त्या तसबिरीला सुताचा हार घालत. सूत शाळेतच कातलेलं असे.

शाळेचं नाव होतं जीवन शिक्षण विद्यामंदिर. या नावाच्या शाळा तेव्हा महाराष्ट्रात गावोगाव होत्या. नयी तालीम, म्हणजे हातकामातून शिकवायची गांधीजींची पद्धत, कागदावरून बरीचशी पुसली गेली होती, पण आमच्याकडे सूतकताईचा तास टिकून होता, कारण मुख्याध्यापक अण्णा होते आणि ते स्वतः रोज कातत. आम्ही ओळीनं बसून मांडीवर टकळी फिरवायचो. डाव्या हातात पेळू, पिंजलेल्या कापसाची गुंडाळी. टकळीनं गिरकी घेतली की हात हळूहळू वर न्यायचा. पिळ बसला की कापसाचा धागा होतो, आणि हात जरा घाईनं उचलला की तो तुटतो. बहुतेक वेळा तुटायचा. त्या तासाला वर्गात एक विचित्र शांतता असायची. पाढ्यांच्या तासालाही इतकी नसायची, कारण बोलायला तोंड उघडलं की लक्ष जायचं आणि लक्ष गेलं की धागा जायचा.

ती तसबीर मी रोज बघितली, पण ती कुणी काढली असेल हा प्रश्न मला कधी पडला नाही. देवाच्या फोटोखाली कुणी चित्रकाराचं नाव शोधत नाही, तसंच ते. चाळिशी उलटल्यावर, एका ग्रंथालयात अमेरिकन छायाचित्रकारांवरचा एक जाडजूड ग्रंथ चाळताना, अचानक आमच्या ऑफिसातली भिंत समोर आली. तोच चरखा, तेच गांधीजी. खाली नाव होतं: मार्गारेट बर्क-व्हाइट. आणि पुढे: पुणे, १९४६.

पुणे! मी उभ्या उभ्याच तो मजकूर वाचून काढला. तेव्हापासून ही बाई माझ्या डोक्यातून गेलेली नाही. तिच्यावर मिळेल ते वाचलं. तिचं कौतुक वाटलं, तिचा रागही आला, आणि राग आला तरी तिला सोडवेना.

१९४६ च्या सुरुवातीला ती ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकासाठी हिंदुस्थानात आली. वय ४१. इंग्रज जाणार हे दिसू लागलं होतं, आणि पुढारी कोण, कसे राहतात, कसे दिसतात हे अमेरिकेतल्या वाचकांना दाखवायचं होतं. गांधीजी त्या काळात पुण्यात आले की ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात उतरत. चरख्यावर बसलेल्या गांधीजींचं छायाचित्र हवं म्हणून ती पुण्यात गेली, तर गांधीजींचे चिटणीस प्यारेलालजींनी तिला विचारलं की तुम्हाला कातता येतं का. नाही येत. मग चरख्याचा अर्थ कळल्याशिवाय तुम्ही त्याचं छायाचित्र काढणार कसं? आधी शिका.

हे वाचलं तेव्हा मला अण्णांचाच आवाज ऐकू आला. शाळेला भेट द्यायला कुणी साहेब आला आणि म्हणाला, ‘मुलांचा कताईचा तास बघायचाय,’ तर अण्णा आधी त्याच्या हातात टकळी द्यायचे. एका शिक्षणाधिकाऱ्यानं ती हसत हसत परत केली होती. अण्णांनी तेवढ्याच शांतपणे पुन्हा दिली.

बर्क-व्हाइटला घाई होती. साप्ताहिकाच्या तारखा, न्यूयॉर्कला पाठवायच्या फिल्मची पाकिटं, एका शहरातून दुसऱ्या शहरात पळापळ. तिला हा अडथळाच वाटला, आणि तिनं तसं लिहूनही ठेवलंय. पण ती बसली. धागा तुटत राहिला. आपली बोटं किती आडदांड आहेत हे तिला त्या तासाभरात समजलं. हे काम दिसतं तितकं सोपं नाही एवढं तरी तिनं मान्य केलं. मग अटी सांगण्यात आल्या. त्या दिवशी सोमवार होता, म्हणजे गांधीजींचा मौनाचा वार. तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नाही. प्रखर उजेडाचा त्यांना त्रास होतो, म्हणून फ्लॅश वापरायचा नाही. यावर तिनं घासाघीस केली. शेवटी तीन दिव्यांची परवानगी मिळाली. फक्त तीन. तेव्हाचा फ्लॅशचा दिवा एकदाच पेटायचा आणि जळून जायचा.

आत गेली तर खोलीत अंधार, आणि मागच्या खिडकीतून डोळ्यांवर येणारा उजेड. पहिला दिवा फुकट गेला, यंत्रणेनं दगा दिला. दुसरा फुकट गेला, कारण घाईत तिच्या हातूनच एक गोष्ट राहिली. जगातले सगळ्यात अवघड कारखाने जिनं टिपले होते, तिच्याकडे त्या पुण्यातल्या खोलीत एक दिवा उरला होता. तिसरा पेटला.

त्या एका दिव्यातून निघालेला कागद आमच्या ऑफिसात होता.

फिल्मसोबत तिनं जी टिपणं न्यूयॉर्कला पाठवली, त्यात एक वाक्य आहे. छायाचित्रण आणि कताई या दोन्ही हस्तकलाच आहेत, असं ती गांधीजींच्या भोवतीच्या लोकांना म्हणाली. त्यावर त्यांनी गंभीरपणे सांगितलं, दोन्हींत कताई मोठी. हे तिनं जसंच्या तसं टिपलंय, खोडून काढलेलं नाही. गांधीजींनी तिला नावही ठेवलं. ती कॅमेरा घेऊन आली की ते म्हणत, आली बघा छळणारी. त्यात प्रेम होतं असं ती सांगते, आणि असणारच. पण गांधीजींचे विनोद वाचताना मला नेहमी वाटतं, त्यांचं लक्ष कुठे गेलंय ते त्यातच सांगितलेलं असतं.

चरखा शिकायला बसलेली ही बाई कोण होती हे माहीत नसेल तर त्या खोलीतला ताण कळत नाही.

तिचा जन्म १४ जून १९०४ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचा. वडील जोसेफ व्हाइट अभियंते, छपाईयंत्रांतले तज्ज्ञ, अबोल माणूस. ती आठेक वर्षांची असताना त्यांनी तिला एका ओतशाळेत नेलं. काळोखात अचानक वितळलेलं लोखंड ओतलं गेलं, ठिणग्या उडाल्या आणि ती मुलगी हरखून गेली. त्या वयात ओतशाळा हीच मला सौंदर्याची सुरुवात आणि शेवट वाटली, असं तिनं पुढे लिहिलं. मुलींनी जरीच्या काठांवर जीव टाकावा, तसा तिनं लोखंडावर टाकला. वडील १९२२ साली गेले. आईनं तिला पहिला कॅमेरा घेऊन दिला; वीस डॉलरचा, जुना, भिंगाला चीर गेलेला. त्याच कॅमेऱ्यावर तिनं सुरुवात केली. कॉलेजात तिचा विषय होता सरपटणारे प्राणी. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी लग्न झालं आणि दोनेक वर्षांत मोडलं. १९२७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेऊन ती क्लीव्हलंडला गेली, कारण तिथे पोलादाच्या भट्ट्या होत्या.

ओटिस स्टीलच्या कारखान्यात बायकांना आत घेत नसत. तिनं मालकाला पटवलं, आणि आत गेल्यावर कळलं की चित्र उमटतच नाही. तेव्हाच्या फिल्मला तांबडा उजेड दिसत नसे, आणि वितळलेल्या पोलादाचा उजेड तर तांबडाच. डोळ्यांना भट्टी धगधगताना दिसायची, फिल्मवर काळोख. हिवाळाभर ती तिथे जात राहिली, हात-तोंड भाजून घेत राहिली. शेवटी एका फिरत्या विक्रेत्याकडे मॅग्नेशियमच्या मोठ्या फुलबाज्यांसारखे जळते दिवे मिळाले, सिनेमावाल्यांसाठी बनवलेले. त्यांच्या पांढऱ्या झोतात पहिल्यांदा पोलादाची धार फिल्मवर उतरली. त्या चित्रांनी तिचं आयुष्य बदललं. १९२९ मध्ये प्रकाशक हेन्री ल्यूस यांनी तिला आपल्या नव्या ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी बोलावून घेतलं. पुढे सोव्हिएत रशियातले कारखाने, धरणं, जनित्रं. क्रायस्लर इमारतीच्या एकसष्टाव्या मजल्यावर तिचा स्टुडिओ होता. तिथल्या पोलादी गरुडमुखावर, खाली सगळं न्यूयॉर्क, आणि ही बाई कॅमेरा सावरत चाललीय असं तिचं एक छायाचित्र आहे. ते बघताना अजूनही माझ्या पायांत गोळे येतात. २३ नोव्हेंबर १९३६ ला ‘लाइफ’चा पहिला अंक निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर तिनं काढलेलं मोंटानातलं फोर्ट पेक धरण होतं. संपादकांनी तिला धरण टिपायला पाठवलं होतं. ती धरणाबरोबर तिथल्या मजुरांच्या फळकुटांच्या वस्त्या, दारूचे गुत्ते, तिथल्या बायका, आणि गुत्त्याच्या फळीवर बसवलेलं एक मूलही घेऊन आली. इथे ती पहिल्यांदा मला आवडायला लागते.

तर यंत्रावर जीव असलेली ही बाई, आणि यंत्राला नकार म्हणून चरखा हातात घेतलेला तो माणूस. तिला त्यांचं यंत्रांबद्दलचं म्हणणं पटलं नाही. पुण्यात पटलं नाही आणि पुढेही नाही. तिनं त्यांच्याशी तोंडावर वाद घातला, पुस्तकात लिहिलं. भूक आणि दारिद्र्य यंत्रावाचून हटणार नाही असं तिला मनापासून वाटायचं. आणि तरीही ते छायाचित्र बघा. चरखा पुढे आहे. मोठा आहे, काळा आहे, त्याच्या आऱ्या उजेडावर कोरल्यासारख्या उठलेल्या आहेत. गांधीजी मागे, लहान, मऊ उजेडात, मांडी घालून. कुठल्याही पुढाऱ्याचं छायाचित्र काढताना कुणी माणूस मागे ठेवून एक वस्तू अशी पुढे आणून ठेवेल का? तिनं ठेवली. जनित्राचं चाक, टर्बाईनचं पातं, छपाईयंत्राचा रूळ ज्या नजरेनं तिनं पाहिला, त्याच नजरेनं तिनं लाकडी चरखा पाहिला. चरखा हे यंत्रच आहे आणि सुंदर यंत्र आहे, हे तिला डोळ्यांनी कळलं होतं, डोक्यानं ती भांडत राहिली तरी. मला तर वाटतं, आधी तासभर त्याच्याशी झटापट केल्याशिवाय तो इतका मोठा दिसलाच नसता. प्यारेलालजींची अट फुकट गेली नाही.

‘लाइफ’नं ते छायाचित्र लगेच डोक्यावर घेतलं असंही नाही. ज्या लेखासाठी ते काढलं त्यात ते आलंच नाही. पुढे गांधीजींच्या निसर्गोपचारांवरच्या एका लेखाच्या माथ्यावर लहानसं छापलं गेलं. मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं होतं. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, साधा आहार, यात त्यांचा जीव गुंतला होता. १९४८ मध्ये ते गेल्यावर श्रद्धांजलीच्या पानांवर ते पुन्हा आलं, आणि मग जगभर पसरत गेलं. इतकं, की पन्नास वर्षांनी अमेरिकेतल्या ॲपल कंपनीनं आपल्या संगणकांच्या जाहिरातीत ते वापरलं. आमच्या शाळेच्या ऑफिसात तर ते कधीचंच पोचलं होतं.

त्याच वर्षी, १९४६ मध्ये, तिनं बाबासाहेब आंबेडकरांचीही छायाचित्रं काढली. त्याच साली ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तल झाली तेव्हा ती तिथे गेली, आणि गल्लीतल्या प्रेतांवर उतरलेली गिधाडं तिनं टिपली. ती छायाचित्रं मी एकदाच पाहिली आहेत.

१९४७ मध्ये ती पंजाबात होती. फाळणीची आपल्या मनातली चित्रं कोणती ते आठवून पाहा. मैलोगणती बैलगाड्या, म्हाताऱ्या बायकोला खांद्यावर घेऊन चाललेला शीख, थडग्यांच्या आसऱ्याला टेकलेली, डोक्याला हात लावून बसलेली माणसं. यातली कितीतरी तिची आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचं दुःख आपण एका अमेरिकन बाईच्या डोळ्यांनी पाहतो, आणि हे सहसा आपल्या लक्षातही येत नाही.

आणि इथेच तिचा राग येतो. तिच्याबरोबर ‘लाइफ’ची वार्ताहर ली आयटिंगन होती. तिनं पुढे सांगितलं की निर्वासितांच्या एका जथ्याला मार्गारेटनं पुन्हा मागे जायला लावलं, पुन्हा चालत यायला सांगितलं, पुन्हा, पुन्हा, मनासारखं चित्र मिळेपर्यंत. नाही म्हणायचीही त्या माणसांना भीती वाटत होती. ती जीव मुठीत धरून चालली होती. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बरेच दिवस उघडलं नाही. माझ्या शेजारी सरगोध्याहून आलेल्या एक आजी राहायच्या. त्यांच्या पायांना पडलेल्या भेगा मी पाहिल्या होत्या. त्या पायांना कुणी म्हणावं, दहा पावलं मागे जाऊन परत या?

तिचा हा स्वभाव जुना होता. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कुळांवर तिनं आणि लेखक अर्स्किन कॉल्डवेल यांनी १९३७ मध्ये पुस्तक केलं, त्यात चित्रांखाली त्या माणसांच्या तोंडची वाक्यं आहेत. ती वाक्यं त्या दोघांनी स्वतः रचलेली होती. त्यांनी तसं पुस्तकात कबूलही केलं आहे. कबूल केलं म्हणून ते बरोबर ठरतं असं मला वाटत नाही. गरिबाला चेहरा दिला आणि जीभ काढून घेतली, असं ते झालं.

पण पुस्तक मिटून ठेवलं तरी दुसरी बाजू डोळ्यांपुढून हलत नव्हती. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन जनरल पॅटनच्या सैन्याबरोबर ती नाझींच्या बुखेनवाल्डच्या छळछावणीत शिरली होती. तारेच्या कुंपणामागे उभी असलेली, पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतली, डोळे खोल गेलेली ती माणसं तिनं दाखवली नसती तर आपण ती कुणाच्या डोळ्यांनी पाहिली असती? कॅमेरा हातात होता म्हणून निभावलं, असं तिनं लिहिलंय. समोरच्या भीषणतेच्या आणि माझ्या मध्ये त्याचा एक पातळसा पडदा होता. तो पडदा तिला जगवत होता. पंजाबात तोच पडदा समोरच्या माणसावर पडला. एकच गोष्ट एकदा तारते आणि एकदा मारते, हे मला तिच्यामुळे कळलं, आणि त्याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

३० जानेवारी १९४८ ला दुपारी ती दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींना भेटली. हिंदुस्थानातलं तिचं काम संपत आलं होतं, पुस्तकासाठी शेवटचे प्रश्न विचारायचे होते. सव्वाशे वर्षं जगायचं असं आपण म्हणत होता, अजून वाटतं का? ते म्हणाले, ती आशा मी सोडली. का? जगात जे भयंकर चाललंय त्यामुळे. काळोखात आणि वेडेपणात मला जगायचं नाही. मग तिनं अणुबाँबबद्दल विचारलं. डोक्यावर विमान आलं तर अहिंसा काय करणार? बोलता बोलता त्यांनी कताई थांबवली नव्हती. ते म्हणाले, मी तळघरात लपणार नाही, उघड्यावर येईन आणि वैमानिकाला दिसू देईन की त्याच्याबद्दल माझ्या मनात काडीचा द्वेष नाही. त्यांनी हात जोडले, तिनंही निरोप घेतला. काही तासांतच प्रार्थनेला जाताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

ती धावत परत आली. खोलीत गांधीजींचा देह, भोवती रडणारी माणसं, गीतेचे श्लोक. तिनं लपवून आणलेला कॅमेरा काढला आणि फ्लॅश पेटवला. लोक खवळले. फिल्म काढून घेऊन तिला बाहेर घालवण्यात आलं. फ्रान्सचा छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँही त्याच दिवशी गांधीजींना भेटला होता, तोही परत आला होता. त्याच्या हातात लहानसा लायका कॅमेरा होता आणि तो दिव्याशिवाय, आवाजाशिवाय काम करत राहिला.

मला तो क्षण नेहमी पुण्याच्या खोलीशेजारी ठेवून पाहावासा वाटतो. तिथे तिला कुणी तरी थांबवलं होतं. आधी शिक, बोलू नको, तीनच दिवे. तिचं सगळ्यात शांत चित्र तिथे निघालं. इथे थांबवणारं कुणी उरलं नव्हतं. ज्याच्या प्रखर उजेडानं दुखणाऱ्या डोळ्यांची काळजी घ्यायची, त्याचे डोळे मिटले होते. तिच्याकडे मात्र दुःख करायची दुसरी रीतच नव्हती असंही मला वाटतं. कुणी हंबरडा फोडतो, कुणी फुलं सारखी करत बसतो. तिला कॅमेराच उचलता यायचा.

यानंतर दोन वर्षांनी, १९५० मध्ये, ती दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणीत उतरली. जोहान्सबर्गजवळ, जमिनीखाली दोनेक मैल, अंग उकडून काढणारी उष्णता. तिथे घामानं निथळणारे दोन कृष्णवर्णीय खाणकामगार तिनं टिपले. त्यांची नावं विचारली तर समजलं, नावं नाहीत, नंबर आहेत. चित्राच्या मथळ्यात तिनं ते दोन्ही नंबर तसेच ठेवले. तेरा वर्षांपूर्वी अशा माणसांच्या तोंडी आपली वाक्यं घालणाऱ्या बाईनं या वेळी काहीच घातलं नाही. आपल्या आवडत्या चित्रांत ती हे चित्र धरत असे. त्या दोघांची तोंडं मी फार वेळ बघत बसते. दोघांपैकी कुणीही दयेची भीक मागत नाही.

त्यानंतर थोड्याच वर्षांत तिच्या हातातून कॅमेरा सुटायला लागला.

आधी डावा पाय. जपानात असताना, जेवणाच्या टेबलावरून उठली तर दोन-चार पावलं धड पडेनात. मग हात, बोटं. कोरियातलं युद्ध टिपून आलेली, बुडत्या जहाजातून होडीत उतरलेली, बाँबफेकी विमानातून उडालेली ही बाई आता फिल्म भरू शकत नव्हती. आजाराचं नाव कळायलाही वेळ लागला: पार्किन्सन्स. आपण त्याला कंपवात म्हणतो.

२००९ मध्ये हेच नाव डॉक्टरांनी अण्णांसाठी उच्चारलं, तेव्हा मी तिचं आत्मचरित्र वाचत होते. आम्हाला त्याआधी वर्षभर वाटत होतं की वय झालंय. फळ्यावर हातभर अक्षरं काढणाऱ्या अण्णांचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. दुधाच्या हिशेबाच्या वहीत ओळ सुरू होताना दिसायची आणि शेवटाला नाहीशी व्हायची. चेहरा हलेनासा झाला होता, त्यामुळे ते रागावलेत असं सगळ्यांना वाटायचं. आणि उजवा हात. मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायचं, सतत, पेळूतून धागा ओढताना घासतात अगदी तसं.

बर्क-व्हाइटनं हार मानली नाही, आणि तिच्या हट्टाची मला खरी किंमत तेव्हा कळली. रोज मैलोगणती चालणं, बोटांचे व्यायाम, टायपिंग. १९५९ मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया करून घेतली, १९६१ मध्ये पुन्हा. आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखासमोर कॅमेरा धरणाऱ्या या बाईनं आपलं आजारपणही कॅमेऱ्यापासून लपवलं नाही. ‘लाइफ’मधले तिचे सहकारी आल्फ्रेड आयझेनश्टाट यांनी तिची छायाचित्रं काढली, मुंडण केलेलं डोकं, धडपडणारं शरीर, आणि १९५९ मध्ये ती छापून आली. पंजाबातल्या त्या जथ्याचं देणं यातून फिटत नाही. पण कॅमेऱ्यासमोर असहाय होऊन उभं राहणं काय असतं, हे तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं, एवढं तरी मी तिच्या खात्यावर मांडते. २७ ऑगस्ट १९७१ ला ती गेली. वय ६७.

एका संध्याकाळी मी अण्णांना पुस्तकातलं ते छायाचित्र दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिलं. आपल्या ऑफिसातलं, ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता तेव्हा.

मी म्हटलं, “लहानपणी मी किती दिवस बघायची हे. गांधीजी सूत कातताहेत.”

“कातत नाहीयेत.”

“म्हणजे?”

“कातणाऱ्याची नजर चातीवर असते. हे वाचतायत. कातून झालंय त्यांचं.”

मी पुन्हा पाहिलं. हातात कागद होते. खाली मान घालून ते वाचत होते, हात चरख्यापासून लांब. चाळीस वर्षं मला हे दिसलं नव्हतं. नंतर तिची टिपणं वाचताना तिथेही हेच सापडलं: गांधीजी कात्रणं वाचत आहेत, पुढचा चरखा त्यांनी नुकताच बाजूला ठेवला आहे.

अण्णांनी माळ्यावरचा पेटी चरखा काढायला सांगितला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी सुधारून घेतलेला तो घडीचा चरखा, पेटीत मावणारा. चाकावरून चातीकडे, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या सळईकडे, जाणारी दोऱ्याची माळ सैल पडली होती, ती बदलावी लागली. पेळू खादी भांडारातून आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, पुढ्यात चरखा ठेवला. उजवा हात मांडीवर थरथरत होता. तो त्यांनी चाकाच्या मुठीवर ठेवला आणि फिरवायला सुरुवात केली, तर हात थांबला. थरथर गेली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं होतं, हात रिकामा असताना कापतो तितका कामात कापत नाही. आम्हाला ते तेव्हा माहीत नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथेच खाली बसली.

वीतभर सूत निघालं, मग हातभर. डावा हात सावकाश मागे जात होता. मग तुटलं. अण्णांनी टोक पुन्हा चातीवरच्या धाग्याला लावलं, दोन वळसे दिले, पुन्हा ओढलं. मी त्यांना बर्क-व्हाइटची गोष्ट सांगत होते, पुण्याची, प्यारेलालजींची, तीन दिव्यांची. ते मध्येच थांबले.

“मग तिला आलं का कातायला?”

“नाही. तुटतच राहिलं म्हणे.”

“किती वेळ बसली होती?”

“तासभर असेल.”

“तासाभरात कसं येईल?” ते म्हणाले, आणि पेटीतला दुसरा पेळू काढून त्यांनी माझ्या हातात दिला.